गाठ चमकली म्हणजे औषध पोहोचले का?

प्रतिदीप्त पॉलिमर नॅनोकण, म्हणजे प्रकाश पडला की स्वतः चमकणारे पॉलिमरचे अतिसूक्ष्म कण, टोचल्यावर उंदराच्या छायाचित्रात कर्करोगाची गाठ उजळलेली दिसते. तेव्हा कणांत भरलेले औषधही तिथे पोहोचले असे मानावे का, असा आपला प्रश्न आहे. नुसत्या छायाचित्रावरून तसे मानू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्याला दिसतो तो रंगद्रव्याचा प्रकाश. ते रंगद्रव्य अजून कणातच आहे की सुटून एकटेच फिरते आहे, हे चित्रावरून कळत नाही. पीएलजीएसारख्या शरीरात विरघळून जाणाऱ्या पॉलिमरमध्ये रंगद्रव्य बहुधा नुसते कोंडलेले असते, रासायनिक बंधाने जोडलेले नसते. कुमारिन-६ हे हिरवे चमकणारे रंगद्रव्य भरलेले कण मी डायलिसिसच्या पिशवीत ठेवले होते; तिच्या पडद्यातून लहान रेणू बाहेर जातात, कण मात्र आतच राहतात. बाहेर साधे बफर (आम्लता स्थिर ठेवणारे क्षारांचे पाणी) होते, तेव्हा रात्र उलटली तरी अतिनील दिव्याखाली ते काळेच राहिले. त्यात अल्ब्युमिन हे रक्तातले प्रथिन मिसळून पुन्हा तोच प्रयोग केला, तर सकाळी बाहेरचा द्राव हिरवा चमकत होता. रक्तात अल्ब्युमिन भरपूर असते, आणि पेशींची स्निग्ध पटलेही अशा रंगद्रव्याला ओढून घेतात. म्हणून रंगद्रव्य पॉलिमरच्या साखळीला पक्के जोडावे, किंवा जिथे साखळीच प्रकाश देते असे कॉन्जुगेटेड पॉलिमर वापरावेत.

दुसरी फसगत खोलीची आहे. दृश्य प्रकाश ऊतकांतून काही मिलिमीटरच नीट पार होतो. निकट-अवरक्त प्रकाश त्याहून खोल जातो, पण त्यालाही मर्यादा आहेच. त्यामुळे त्वचेलगत वाढवलेली गाठ झगझगीत दिसते आणि आत कितीतरी अधिक कण साठवून बसलेले यकृत फिके वाटते.

गाठीतील रक्तवाहिन्या गळक्या असल्याने मोठे रेणू तिथे साचतात, हे मात्सुमुरा आणि माएदा या जपानी संशोधकांनी १९८६ मध्ये मांडले, आणि ते खरेच आहे. पण अनेक वर्षांच्या प्रयोगांचा २०१६ मध्ये एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा टोचलेल्या मात्रेपैकी गाठीत पोहोचणाऱ्या भागाचे मध्यक मूल्य अवघे ०.७ टक्के निघाले. कणावर फोलिक आम्ल (अनेक कर्करोग पेशी जे ओढून घेतात ते जीवनसत्त्व) जोडल्याने गाठीत पोहोचलेले कण पेशींच्या आत शिरायला मदत होते, पण रक्तातून गाठीपर्यंत येणाऱ्या कणांची संख्या त्याने फारशी वाढतेच असे नाही.

म्हणून शोधनिबंध वाचताना शरीराबाहेर काढलेल्या अवयवांचे चित्र आधी शोधा, गाठ आणि यकृत एकाच मोजपट्टीवर दाखवले आहेत का ते पाहा, आणि औषधाचे प्रमाण ऊतक वाटून क्रोमॅटोग्राफीने (मिश्रणातले घटक वेगळे करण्याच्या पद्धतीने) वेगळे मोजले आहे का, हेही तपासा.