दुधाच्या खाड्यांशेजारी

"मुलीला आईच्या आजाराचं सांगायचं का हो? लहान आहे, उगाच डोक्याला ताप." नाशिकला गंगापूर रोडवरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न इतक्यांदा आलाय, की समोरचा चपला काढत असतानाच मला ओळखू येतो. मुलांना ठाऊक असतंच. ठाऊक नसतं ते आजाराचं नाव. मग ती आपणच कारण शोधतात, आणि ते बहुधा स्वतःतच सापडतं.

मुक्ता (नाव बदललंय) १२ वर्षांची, सिडकोतली. वडील सातपूरला शिफ्टमध्ये. आईला बायपोलर, म्हणजे मन कधी उन्मादात, कधी नैराश्यात जाण्याचा आजार. ती भरती होती तेव्हा घरात सांगितलं, "मामाकडे गेलीय." आणि मामा रोज डबा न्यायला दारात! पोरीने एकदाही विचारलं नाही. सगळे म्हणाले, समजूतदार आहे. मला अशा समजूतदारपणाचीच धास्ती वाटते.

चौथ्या भेटीत तिने दप्तरातून कॅलेंडरची पानं काढली. दुधाच्या खाड्यांशेजारी पेन्सिलची टिंबं आणि फुल्या.

"टिंब म्हणजे आई रात्रभर जागी."

"आणि फुली?"

"मी उलट बोलले."

पानं सतरंजीवर पसरून आम्ही दोघी मोजत बसलो. फुल्या ३१. त्या रात्री टिंब आलं ते फक्त ४ वेळा. आणि आई सर्वांत बिघडली त्या आठवड्यात एकही फुली नाही. ती बराच वेळ बघत राहिली.

"मग मी भांडले तरी चालेल?"

मी समजावलं काहीच नव्हतं, मोजायला लावलं. याचा थोडा अभिमान आहे मला.

मला उशिरा उमगलं ते वेगळंच. टिंबं खरी होती. झोप कमी होणं ही या आजारात उन्मादाचा झटका येण्याची आगाऊ खूण असू शकते. पोरगी एकटी पहारा देत होती! वडिलांना बोलावून पेन्सिल त्यांच्या हातात दिली. टिंबं, गोळ्या, डॉक्टरांना फोन, सगळं तुमच्याकडे. रात्रपाळीच्या आठवड्यात आत्याने झोपायला यायचं. अडल्या वेळी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीतही.

आजाराचं नाव मात्र आईनेच, बरी असताना सांगावं, हा माझा आग्रह. ती म्हणाली, "तुझ्यामुळे झाला नाही, आणि बरं करायचं कामही तुझं नाही. त्याला लिथियमच्या गोळ्या आहेत."

"मलाही होईल?" हे मुलं विचारतातच. खोटं सांगू नये. ढोबळमानाने अशा १०० मुलांपैकी ५ ते १० जणांना होतो, बाकीच्यांना नाही.

पुढच्या महिन्यात मुक्ता कुरकुरतच आली. "बाबा टिंबं नीट काढतात, पण दुधाचे खाडे विसरतात."