वाचकांचे प्रश्न : चौकातलं घड्याळ

प्रश्न : आमच्या बाजारचौकात व्हिक्टोरियाकालीन मनोरा आहे. त्याच्या चार तबकड्या चार वेळा दाखवतात. आत चार घड्याळं असतात का?

उत्तर : नाही, यंत्र एकच असतं. त्यातून निघालेला दांडा बेव्हल गिअरवर (दिशा बदलणाऱ्या तिरप्या दातांच्या चक्रांवर) चार बाजूंना फुटतो. म्हणून लंबकाला मुळीच हात लावू नका. दोष लंबकात असता तर चारही तबकड्या सारख्याच चुकल्या असत्या. आधी तासाभरात दर १५ मिनिटांनी चारही वेळा लिहून काढा. एखाद्या तबकडीतला फरक कायम तेवढाच राहिला, तर तिकडे जाणाऱ्या दांड्याची पकड सरकली आहे. यंत्र थांबवून ती सैल करा, मिनिटकाटा जागेवर आणा, पुन्हा घट्ट आवळा.

१२ वरून उतरताना काटा पुढे आणि ६ वरून चढताना मागे पडत असेल, तर दुखणं वेगळं आहे. मोठा काटा स्वतःच्या भाराने दात्यांमधली ढील ओलांडून खाली घसरतो, चढताना तीच ढील त्याला मागे ठेवते. त्याच्या विरुद्ध बाजूचं तोलवजन कमी पडतंय किंवा गळून गेलंय. काटा यंत्रापासून सोडवला की कुठल्याही आकड्यावर स्थिर राहायला हवा. काटे रंगवले किंवा बदलले की हा तोल नव्याने जुळवावा लागतो, आणि नेमकं तेच राहून जातं!

प्रश्न : काटे तीन दाखवतात, टोले दोन पडतात.

उत्तर : बहुधा तुमच्याकडे खाचांच्या चक्राची रचना आहे, म्हणजे किती टोले पडायचे ते चक्राच्या कडेच्या खाचा ठरवतात. हे चक्र काटे पाहत नाही, फक्त क्रम पुढे नेतं. १२ तासांचे ७८ टोले झाले की पुन्हा एकपासून. टोले चालवणारं वजन तळाला टेकलं आणि घड्याळ चालू राहिलं की क्रम मागे पडतो. वजन वर चढवा, टोले रोखणारा अडसर हाताने उचलून राहिलेले तास वाजवून घ्या. काटे उलटे फिरवू नका.

प्रश्न : उन्हाळ्यात घड्याळ मागे पडतं.

उत्तर : लंबकाची पोलादी दांडी तापून लांबते. १० अंश सेल्सिअस वाढले की दिवसाला सुमारे ५ सेकंद जातात. एवढ्यासाठी लंबकाची लांबी बदलणारा खालचा नट फिरवू नका. दीड सेकंदी लंबक (एका झोक्याला दीड सेकंद घेणारा) सव्वादोन मीटरच्या आसपास असतो. त्यात १ मिलिमीटर म्हणजे दिवसाला १९ सेकंद. दांडीवर लहान ताटली असेल तर तिच्यात हलकं वजन ठेवा, घड्याळ पुढे जाईल. लंडनच्या वेस्टमिन्स्टरमधल्या घड्याळात एक जुनी पेनी (ब्रिटिश नाणं) ठेवली की घड्याळ दिवसाला ०.४ सेकंद पुढे जातं. नट फिरवावाच लागला तर लंबक थांबवून गोळा हाताने धरा, नाहीतर वरची टांगणीची पट्टी पिळली जाते.