फिसा कलम ७०२ला मुदतवाढ मिळणार, यावर डोळे झाकून पैसे लावावेत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेच्या फिसा कायद्यातलं कलम ७०२, म्हणजे परदेशी लोकांच्या ईमेल-मेसेजवर वॉरंटशिवाय पाळत ठेवायची मुभा, त्याला २०२४ला मिळालेली मुदत एप्रिल २०२६पर्यंतची. प्रेडिक्शन मार्केटवर, म्हणजे अमुक घटना घडेल का यावर पैसे लावायच्या बाजारात, ‘हो’ महाग आहे, पण खात्रीचा वाटतोय. घ्यावा का?

डोळे झाकून तर नकोच. मी न्यू जर्सीत राहतो आणि असल्या बाजारांत अधूनमधून किरकोळ रक्कम लावतो. कायदा वाढेल असं मलाही वाटतं. पण पैसे मिळतात ते अमुक तारखेच्या आत, करारात लिहिलेल्या शब्दांप्रमाणे वाढला तरच.

या कलमाचा इतिहास म्हणजे कायमचं भिजत घोंगडं. २००८ला ते आलं. २०१२ला ओबामांनी मुदतवाढीवर सही केली ती ३० डिसेंबरला, मुदत संपायच्या आदल्या दिवशी. पुढची मुदत ३१ डिसेंबर २०१७. ती काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, खर्चाच्या तात्पुरत्या विधेयकात घुसवून १९ जानेवारीपर्यंत ढकलली आणि ट्रम्प यांची सही झाली ती नेमकी १९ जानेवारीलाच. २०२३च्या डिसेंबरात पुन्हा तोच खेळ, या वेळी संरक्षण खात्याच्या वार्षिक विधेयकाला शेपूट जोडून. नवी तारीख १९ एप्रिल २०२४.

त्या एप्रिलचा आठवडा नीट बघा, तुमच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर त्यात आहे. १० तारखेला हाऊसमध्ये, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहात, विधेयक चर्चेला घ्यायचा ठरावच २२८ विरुद्ध १९३ने पडला. ट्रम्प यांनी ‘फिसा मारून टाका’ अशी पोस्ट टाकली होती आणि १९ रिपब्लिकन फुटले. दोनच दिवसांत पाच वर्षांची मुदत दोनवर आणली आणि तेच विधेयक २७३ विरुद्ध १४७ने पास! अमेरिकी नागरिकांची माहिती शोधण्याआधी वॉरंट घ्या, ही दुरुस्ती २१२-२१२ अशा बरोबरीत पडली. तिच्या बाजूने रिपब्लिकन जिम जॉर्डन आणि डेमोक्रॅट प्रमिला जयपाल एकत्र होते, म्हणजे उजवं टोक आणि डावं टोक. त्यामुळे पक्षाची डोकी मोजून इथे काही हाती लागत नाही. सिनेटमध्ये गंगेत घोडं न्हालं ते ६०-३४ने, पण मध्यरात्र उलटून गेल्यावर. बायडन यांची सही २० तारखेची.

आता समजा, तुमच्या करारात ‘१९ एप्रिल संपण्याच्या आत’ असं लिहिलं असतं. कायदा झाला, पाळतीचं काम थांबलं नाही, आणि तुमचा ‘हो’ मात्र शून्यावर.

पाळत थांबली नाही याचं कारण फिसा न्यायालय, म्हणजे अशा पाळतीवर देखरेख करणारं खास न्यायालय. ते या कामाला एकेका वर्षाची मंजुरी देतं आणि २०२४ला ती एप्रिल २०२५पर्यंतची आधीच मिळालेली होती. कायदा मेला तरी चालू मंजुरी जगते. आपल्याकडे टाडा १९९५ला लोपला, तरी १९९३च्या मुंबई बॉम्बस्फोटांचा खटला त्याच कायद्याखाली चालून २००६-०७मध्ये निकाली निघाला, तशातलाच प्रकार. म्हणून ‘मुदत हुकली तर आकाश कोसळेल’ ही भीती खासदारांना वाटते त्यापेक्षा भाषणांतच जास्त असते. पॅट्रियट ॲक्टचं कलम २१५, म्हणजे तपासासाठी व्यवहारांच्या नोंदी मिळवायची मुभा, मार्च २०२०मध्ये संपलं. सिनेटने मे महिन्यात ८०-१६ने विधेयक मंजूरही केलं, पण ट्रम्प यांनी नकाराधिकाराची धमकी दिली, हाऊसने अंग काढून घेतलं आणि ते कलम संपलं ते संपलंच. त्या वेळी ८०-१६ बघून ‘हो’ घेणारा काय म्हणाला असेल!

शिवाय हिशोब पटतो का बघा. ८८ सेंटला घेतलेला ‘हो’ जिंकला तर एक डॉलर मिळतो, म्हणजे १२ सेंट सुटतात, हरला तर ८८ जातात. तात्पुरती, काही आठवड्यांची मुदतवाढ धरणार का? सही लागते की दोन्ही सभागृहांचं मतदान पुरे? हे नियमांत स्पष्ट नसेल तर मी हात लावत नाही. पॉलीमार्केट या बाजारावर वाद झाला की निकाल यूएमए नावाचं क्रिप्टो टोकन बाळगणाऱ्यांच्या मतांवर लागतो. मार्च २०२५मध्ये युक्रेनच्या खनिज कराराच्या बाजारात करार झाला नसताना ‘हो’ जिंकवला गेला, हे विसरू नका.

तुम्ही भारतातून विचारताय असं दिसतं. मग ऑगस्ट २०२५च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद केलेत. शिक्षेचा रोख चालवणाऱ्यांवर आणि पैसे फिरवणाऱ्यांवर आहे, खेळणाऱ्यावर नाही; पण पैसे अडकले तर दाद कुणाकडे मागणार? आणि गंमत म्हणजे कलम ७०२चं लक्ष्य अमेरिकेबाहेरचे परदेशी. वॉशिंग्टनमध्ये रात्री बारापर्यंत जी वॉरंटची भांडणं चालतात, ती अमेरिकी माणसाच्या खासगीपणाची. तुमच्या पुण्या-नाशिकच्या जीमेलचा त्यात विषयच नसतो.

तरीही लावायचेच असतील, तर टीव्हीवरची भाषणं सोडा आणि कोणतं विधेयक कसं चर्चेला यायचं ते ठरवणाऱ्या हाऊसच्या रूल्स कमिटीकडे लक्ष ठेवा. विधेयक चर्चेला घ्यायचा ठराव पडला की भाव घसरतो. २०२४ला तो पडल्यावर दोन दिवसांत सगळं फिरलं होतं. मला घ्यायचाच असेल तर मी तेव्हा घेईन, आणि तोही करारातली तारीख कायद्याच्या मुदतीच्या महिनाभर पुढची असेल तरच.