ठरवायचं ते घरी बसून ठरव

चि. पोरास अनेक आशीर्वाद.

गिरणेला धरणातून पाण्याचं आवर्तन सुटलं आणि तू पुलावरून उडी मारलीस, हे तुझ्या आईने सांगितलं. पारा ४५च्या घरात असताना भरलेली नदी दिसली की मोह कुणालाही होतो, त्याबद्दल मी बोलत नाही. पण फोनवर तू म्हणालास, ‘नाना, कळत होतं, तरी मारली,’ ते डोक्यात राहिलं. घरच्यांना ही पळवाट वाटली. मला ती अगदी खरी वाटली.

कारण तुझ्या वयात समज कमी नसते. सोळा वर्षांच्या पोराला निवांत बसवून नफा-तोटा विचारला, तर तो मोठ्यांच्या तोडीचं उत्तर देतो. अडतं ते चारचौघांत. वयात येताना मेंदूतली मजा नि बक्षीस टिपणारी केंद्रं, जिथे डोपामाइन नावाच्या रसायनाचं काम चालतं, भलतीच तल्लख होतात. स्वतःला आवरायला लावणारा कपाळामागचा भाग पक्का व्हायला मात्र पंचविशीच्या आसपास जावं लागतं. (२५व्या वाढदिवसाला अक्कल येते असंही नाही. तसं असतं तर आपल्या ग्रामसभा वेगळ्या झाल्या असत्या.)

अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या टेम्पल विद्यापीठातला एक प्रयोग २०११ साली प्रसिद्ध झाला. गाडी चालवण्याचा खेळ होता. सिग्नल पिवळा झाला की थांबायचं, की दामटायचं? १४ ते १८ वर्षांची मुलं एकटी असताना साधारण मोठ्यांसारखीच खेळली. मित्र शेजारच्या खोलीतून पडद्यावर बघताहेत, एवढं कळल्यावर त्यांनी जास्त धोका पत्करला, आणि मेंदूतली बक्षिसाची केंद्रंही जास्त चेतली. मोठ्यांना प्रेक्षकांनी तसा फरक पडला नाही. आणि तुझे मित्र तर कठड्याला टेकून ‘मार ना भो’ म्हणून ओरडत होते.

याच वर्षांत मेंदू आपल्या पेशींमधल्या वापरात नसलेल्या जोडण्या छाटून टाकतो. रावेर-यावलकडे घड पोसावा म्हणून केळीची जादा पिलं कापतात, तसंच. वापरातल्या जोडण्यांवर चरबीचं आवरण चढतं आणि निरोप वेगाने जातो. म्हणून थांबायचा सरावही आत्ताच व्हायला हवा. झोपही पुरी घे, ८ ते १० तास; रात्री दोनपर्यंत मोबाइल बघितलास तर दुसऱ्या दिवशी स्वतःला आवरणं आणखी जड जातं.

आता कामाचं. पुलावर पोचल्यावर ठरवायला जाऊ नकोस, तिथे तू हरणारच. घरून निघताना, एकटा असताना ठरव: पोहायचं, पण काठावरून उतरून. टोळक्यातल्या एका शहाण्या मित्राला आधीच सांगून ठेव, म्हणजे तिथे तू एकटा पडणार नाहीस. आणि सगळे मागेच लागले, तर ‘डॉक्टरांनी कानात पाणी जाऊ देऊ नको म्हणून सांगितलंय’ असं बिनधास्त ठोकून दे. त्या थापेचं पाप माझ्या खात्यावर.

तुझा,
नाना