अठरा टक्के म्हणजे नेमके किती?

वसईच्या एक निवृत्त शिक्षिका गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे आहारसल्ल्यासाठी आल्या. (परवानगी घेऊन, ओळख झाकून लिहिते आहे.) पर्समधून घडी घातलेला कागद काढून त्यांनी टेबलावर ठेवला. मुलाने पाठवलेली बातमी : प्रक्रिया केलेल्या (खारवलेल्या, धुरावलेल्या, सॉसेजसारख्या) मांसामुळे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो. खाली लाल पेनाची रेघ.

"वहिनी गोव्याहून सॉसेजची माळ आणते. महिन्यातून दोनदा, रविवारच्या चर्चमधल्या मिस्सानंतर सॉसेज-पाव होतो. चाळीस वर्षं खातेय. म्हणजे मला शंभरात अठरा चान्स, ना?"

हाच हिशेब खूप जण मांडतात. दोष त्यांचा नाही, बातमीच अर्धी असते. कशाच्या १८ टक्के, हे ती सांगत नाही.

मी कागद उलटा करून शंभर गोळे काढले. ब्रिटनसारख्या देशात आयुष्यभरात शंभरातल्या साधारण सहा जणांना हा कर्करोग होतो. सहा गोळे रंगवले. "बाई, सहाचे १८ टक्के काढा."

"एक... एकाहून जरासा जास्त."

सातवा गोळा त्यांनीच रंगवला. १८ टक्के ही सापेक्ष वाढ. सहाचे सात होणं ही प्रत्यक्ष वाढ. तीही रोज ५० ग्रॅम खाल्लं तर. भारतात तर मुळातला धोकाच बराच कमी आहे.

"मग या मांसाला तंबाखूच्या पंगतीत का बसवलंय?"

२०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने प्रक्रिया केलेलं मांस गट १ मध्ये, म्हणजे माणसात कर्करोग घडवतात हे पक्कं ठरलेल्या गोष्टींत घातलं, तंबाखूही त्याच गटात आहे. पण गट सांगतो तो पुरावा किती पक्का आहे ते. धोका किती मोठा, ते नाही. रोज खाऊ नका, हे मीही सांगतेच.

उठता उठता त्या म्हणाल्या, "सख्खा भाऊ यानेच गेला हो, बावन्नाव्या वर्षी."

मी त्यांना पुन्हा बसवलं. हे मी आधी विचारायला हवं होतं. शंभर गोळ्यांचा हिशेब सरसकट माणसांचा असतो. सख्ख्या भावंडाला कमी वयात हा आजार झाला असेल, तर आपला मूळ धोकाच वाढतो. त्यांची कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) कधीच झालेली नव्हती. पोटविकारतज्ज्ञांच्या नावे चिठ्ठी लिहून दिली.

दिवाळीआधी त्या रिपोर्ट घेऊन आल्या. एक पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावरची छोटी गाठ, सापडला, तपासणीतच काढून टाकला. पुढच्या तपासणीची तारीख त्यांनी त्याच गोळ्यांच्या कागदावर लाल पेनाने लिहून ठेवली होती.