ढगांतून पळणाऱ्या उन्हात डोंगरांचे फोटो कसे काढावेत?

तुमची अडचण थोडक्यात अशी: कोल्हापुरात राहता, सुट्टीला पन्हाळा, मसाई पठार, गगनबावडा करता, पण पावसाळ्यात ऊन-सावली इतक्या झपाट्यानं बदलते की कॅमेरा सेट होईपर्यंत प्रकाश गेलेला असतो. फोटो एक तर पांढरेफटक येतात, नाही तर काळपट.

मी बरीच वर्षं याच डोंगरांत फिरतोय आणि पहिले तीन-चार पावसाळे माझंही नेमकं हेच व्हायचं. त्यामुळे मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट आधी सांगतो. ऊन येण्याआधी कॅमेरा उन्हासाठी सेट करून ठेवा. समोर सगळं झाकोळलेलं असताना, सावलीत उभं राहून.

मसाई पठारावर एकदा सप्टेंबरमध्ये उभा होतो. पठार फुलांनी भरलेलं, वर काळे ढग, आणि पश्चिमेकडून उन्हाची एक तिरीप गवतावरून सरकत येत होती. समोर एकटं झाड. तिरीप त्या झाडावर आली, मी धडाधड आठ-दहा फोटो घेतले. कॅमेरा ऑटोवर होता. घरी येऊन पाहिलं तर झाडाच्या जागी नुसता पांढरा डाग. ती संध्याकाळ मला अजून टोचते.

झालं काय होतं, तर कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर सगळ्या चौकटीचा विचार करून एक मधला उजेड ठरवतो. चौकटीचा नव्वद टक्के भाग काळपट असेल तर तो म्हणतो, अंधार आहे, शटर जास्त वेळ उघडं ठेवू. काळ्या ढगांना तो करडं करतो आणि त्या नादात उन्हातला तुकडा जळून जातो. नेमका तोच तुकडा आपल्याला हवा असतो. रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये, सावलीतला तपशील पुष्कळसा वर काढता येतो, पण जळालेला पांढरा भाग परत येत नाही.

आता यातली आनंदाची गोष्ट. ढग कितीही पळोत, उघड्या उन्हाचं माप जवळपास ठरलेलं असतं. फिल्मच्या काळातले फोटोग्राफर मीटरशिवाय काम करायचे ते याच जोरावर: स्वच्छ उन्हात एफ १६ (लेन्सच्या छिद्राचं माप, आकडा मोठा तितकं छिद्र लहान) आणि शटर स्पीड आयएसओच्या, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रकाशसंवेदनशीलतेच्या, आकड्याइतका. म्हणजे आयएसओ १०० असेल तर एफ १६ ला १/१००, किंवा तेच एफ ८ ला १/४००. सूर्य खाली उतरला की एक-दोन स्टॉप वाढवायचे, एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट. कॅमेरा मॅन्युअलवर टाका, हे आकडे लावा आणि थांबा. स्क्रीनवर सगळं काळं दिसेल, दिसू द्या. एखादी तिरीप लांबच्या उतारावर पडली की तिचा एक फोटो घेऊन हिस्टोग्राम, म्हणजे स्क्रीनवरचा उजेडाचा आलेख, उजव्या कडेला आपटत नाही ना तेवढं बघा. मग तुमच्या झाडावर ऊन येईल तेव्हा फक्त बटण दाबायचं उरतं.

अॅन्सेल अॅडम्स या अमेरिकन फोटोग्राफरची १९४१ सालची गोष्ट मला यासाठीच फार आवडते. न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावाजवळून जाताना त्यांना दिसलं की मावळतीचं ऊन दफनभूमीतल्या पांढऱ्या क्रूसांवर पडलंय आणि वर चंद्र आलाय. गाडी थांबवली, भलामोठा कॅमेरा उभा केला, पण मीटर सापडेना. चंद्राची तेजस्विता किती हे त्यांना पाठ होतं, त्यावरून त्यांनी एक्सपोजर, म्हणजे उजेड किती घ्यायचा ते, ठरवलं आणि एक फोटो घेतला. दुसरा घेण्याआधी क्रूसांवरचं ऊन गेलं होतं. त्यांचा सगळ्यात गाजलेला फोटो तो हाच. माप डोक्यात नसतं तर तो एकही मिळाला नसता.

दुसरी सवय लावा ती सावली वाचायची. ढगाची सावली जमिनीवरून ढगाच्याच वेगानं सरकते. ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल तर मिनिटाला अर्धा किलोमीटर. समोरच्या उतारावर सावलीची कड कुठून कुठं आली हे घड्याळ लावून एकदा पाहा, म्हणजे तुमच्या झाडापर्यंत ऊन यायला दोन मिनिटं आहेत की दहा, याचा अंदाज येतो. मी त्या दिवसानंतर उन्हामागं धावणं सोडलं. एक चौकट ठरवायची, ट्रायपॉड रोवायचा, लेन्स बदलायची नाही. धुक्यात लेन्स बदलली की आत दमट हवा शिरते, शिवाय नेमकी तेव्हाच तिरीप येते.

सूर्य कुठं मावळणार हेही आधी माहीत असावं. आपल्याला हे कुणी वेगळं शिकवायला नको, अंबाबाईचा किरणोत्सव आहे की. मावळतीची किरणं देवीपर्यंत नोव्हेंबरच्या ९, १०, ११ तारखांना पोचतात आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला. कारण सूर्य क्षितिजावरच्या एकाच जागी वर्षातून दोनदा मावळतो, एकदा दक्षिणेकडे जाताना, एकदा परत येताना. आपल्याकडे जूनच्या शेवटी तो बरोबर पश्चिमेपासून साधारण २४ अंश उत्तरेला मावळतो आणि डिसेंबरात तितकाच दक्षिणेला. म्हणून एखाद्या कड्यावर नोव्हेंबरात अचूक ऊन पडलेलं दिसलं तर ते वहीत लिहून ठेवा. जानेवारीच्या शेवटी दुसरी संधी आहे.

जागांबद्दल. गगनबावड्याला लोक संध्याकाळी जातात, मी सकाळी जा म्हणेन. तिथले कडे पश्चिमेला कोकणात उतरतात. कोकणातून आलेले ढग कड्याला थटून वर चढतात, म्हणून तर जिल्ह्यातला सगळ्यात जास्त पाऊस तिथं. संध्याकाळी सूर्य तोंडासमोर असतो, पण सकाळी तो पाठीशी असतो आणि उघडीप मिळाली तर खाली दरीत भरलेल्या ढगांवर पहिलं ऊन पडतं. नशीब असेल तर त्या ढगांवर तुमची सावली आणि तिच्याभोवती रंगीत कडं, म्हणजे इंद्रवज्र दिसतं. त्याला सूर्य पाठीशी आणि ढग पायाखाली असणं लागतं, म्हणून या कड्यांवर ते सकाळीच शोधायचं.

पन्हाळ्यावर मात्र ऑक्टोबरची संध्याकाळ. परतीचा पाऊस दुपारी गडगडाट करत येतो आणि कधीकधी सूर्यास्ताआधी पश्चिम मोकळी होते. सगळे मावळतीकडे तोंड करून उभे राहतात. तुम्ही सज्जाकोठीकडे जा आणि पूर्वेला बघा. मागं काळाकुट्ट ढग, त्याच्यापुढं तांबूस उन्हात जोतिबाचा डोंगर. पाऊस पूर्वेला पडत असेल तर इंद्रधनुष्यही तिकडंच उमटतं, सूर्य जितका खाली तितकी कमान उंच. पोलरायझर (चमक कमी करणारा, फिरवायचा फिल्टर) लावला असेल तर हळू फिरवा, चुकीच्या कोनात तो इंद्रधनुष्य पुसून टाकतो.

फोनवर काढत असाल तर उन्हातल्या भागावर बोट दाबून धरा. एक्सपोजर लॉक झालं की उजेड थोडा खाली ओढा. काम तेच होतं.

आणि एक कळकळीनं सांगतो. वीज चमकल्यावर गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. आवाजाला एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात, म्हणजे ३० सेकंदांत ऐकू आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. मसाई पठारावर तुमच्याहून उंच असं फारसं काही नसतं. ट्रायपॉड मिटवा, एकट्या झाडाखाली थांबू नका, गाडीत जाऊन बसा. शेवटचा गडगडाट होऊन अर्धा तास गेल्यावर बाहेर या. परतीच्या पावसात बऱ्याचदा ढग फुटून ऊन येतं ते त्यानंतरच.