मर्केल सेल कार्सिनोमाची गाठ काढून झाली, तरी डॉक्टर टप्पा का सांगत नाहीत?

तुमच्या वडिलांच्या डाव्या हातावरची १.४ सेंटिमीटरची गाठ काढली, तपासणीत ती मर्केल सेल कार्सिनोमा, म्हणजे त्वचेचा एक कर्करोग, निघाली, काखेत हाताला काहीही लागत नाही, आणि तरीही सर्जन काखेतल्या लसीका ग्रंथीची बायोप्सी होईपर्यंत टप्पा सांगायला तयार नाहीत. ही टाळाटाळ आहे का, असे तुम्ही विचारले आहे. मी पॅथॉलॉजिस्ट आहे. हा कर्करोग दुर्मीळ असला तरी त्याच्या काचपट्ट्या मी तपासलेल्या आहेत, आणि तुमच्या सर्जनचे म्हणणे मला पूर्णपणे योग्य वाटते.

टप्पे ठरवण्यासाठी अमेरिकन जॉइंट कमिटी ऑन कॅन्सरच्या नियमावलीची आठवी आवृत्ती २०१८ पासून वापरात आहे. मेलानोमा या त्वचेच्या दुसऱ्या कर्करोगात गाठ त्वचेत किती खोल गेली हे मिलिमीटरमध्ये मोजतात. येथे मात्र आधी गाठीची रुंदी पाहतात. गाठ २ सेंटिमीटरपर्यंत असेल आणि ग्रंथी स्वच्छ असतील तर पहिला टप्पा, त्याहून मोठी असेल तर दुसरा. ती खालच्या स्नायूत, कूर्चेत किंवा हाडात शिरली असेल तर दुसऱ्याचाच गंभीर उपप्रकार. वडिलांची गाठ लहान आहे, म्हणून पहिला टप्पा असावा असे तुम्ही धरून चालला आहात. आकार जुळतो, पण ‘ग्रंथी स्वच्छ असतील तर’ ही अट अजून कोणी तपासलेलीच नाही.

पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते, हे आपण घरोघरी पाहिलेले असते. त्वचेच्या प्रत्येक भागातला लसीका द्रव ठरावीक ग्रंथींकडे वाहतो, आणि कर्करोगाच्या पेशीही त्याच वाटेने जातात. हातावरच्या गाठीजवळ किरणोत्सारी द्रव्य आणि बहुधा निळा रंगही टोचून, तो काखेतल्या ज्या ग्रंथीत सर्वांत आधी पोहोचतो ती सर्जन काढतात. हीच सेंटिनेल ग्रंथी. तिचे पातळ छेद घेऊन सीके-२० या प्रथिनासाठी रंगवले की, साध्या रंगात सहज निसटणाऱ्या मोजक्या पेशीही आम्हांला दिसू शकतात. बाहेरून काहीही न लागणाऱ्या रुग्णांपैकी साधारण एक तृतीयांश जणांच्या या ग्रंथीत कर्करोग सापडतो. मग गाठ कितीही लहान असो, टप्पा तिसरा होतो: रोग केवळ सूक्ष्मदर्शकाखाली दिसला तर ‘तीन-ए’, ग्रंथी आधीच हाताला किंवा स्कॅनवर कळली असेल तर ‘तीन-बी’. कधीकधी ग्रंथीत रोग असतो आणि त्वचेवर मूळ गाठ कुठेच सापडत नाही. अशा रुग्णांचे भवितव्य मूळ गाठ असलेल्यांपेक्षा बरे असते, बहुधा त्यांच्या प्रतिकारशक्तीनेच ती गाठ नाहीशी केलेली असल्यामुळे. मला ही गोष्ट आजही थक्क करते.

या आवृत्तीसाठी अमेरिकेतील ९,३८७ रुग्णांच्या नोंदी अभ्यासल्या होत्या. पहिल्या टप्प्यातल्या ज्यांच्या ग्रंथी प्रत्यक्ष तपासून स्वच्छ ठरल्या होत्या, त्यांच्यापैकी सुमारे ६३ टक्के पाच वर्षांनी हयात होते. ज्यांच्या ग्रंथी केवळ चाचपून किंवा स्कॅन पाहून स्वच्छ मानल्या होत्या, त्यांच्यात हेच प्रमाण ४५ टक्के होते. कागदावर टप्पा एकच, पण दुसऱ्या गटातल्या काहींच्या ग्रंथींत रोग दडलेला असणार. हे आकडे वाचून कृपया घाबरू नका: त्यांत वयोमानाने किंवा इतर आजारांनी झालेले मृत्यूही मोजलेले आहेत, आणि त्या नोंदी अव्हेल्युमॅबसारखी प्रतिकारशक्तीला बळ देणारी औषधे येण्याच्या आधीच्या आहेत. त्या औषधाला अमेरिकेत २०१७ मध्ये मान्यता मिळाली.

फुप्फुस, यकृत, हाडे किंवा दूरच्या ग्रंथींत रोग पोहोचला असेल तर चौथा टप्पा. त्यासाठी पेट-सीटी स्कॅन करतात. परंतु मोजक्या पेशी स्कॅनवर दिसत नाहीत, त्यामुळे स्कॅन स्वच्छ आला म्हणून ग्रंथीची बायोप्सी टाळू नये.

सर्जनना एक गोष्ट आवर्जून विचारा: गाठीभोवतीची त्वचा आणखी रुंद कापायची असेल, तर सेंटिनेल ग्रंथी त्याच शस्त्रक्रियेत काढणार ना? आधी रुंद कापले तर द्रवाची मूळ वाट बदलू शकते आणि मग चुकीची ग्रंथी हाती येण्याचा धोका असतो. अंतिम अहवालात ‘एन-०’ (म्हणजे ग्रंथींत रोग नाही) असे लिहिले असेल, तर त्याच्या आधीचे अक्षर पाहा. ‘सी’ असेल तर ग्रंथी फक्त चाचपून किंवा स्कॅनवर पाहिल्या आहेत; ‘पी’ असेल तर ती काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासली आहे.